आधी थोरल्या घरची झाडं

६ एप्रिल

मार्च इतका उबदार गेला की सफरचंदाच्या झाडांना वाटलं, झाला उन्हाळा. कळ्या नेहमीपेक्षा लवकर सुटल्या. डोंगरातलं चोंगसोंगचं खोरं आहे हे, देगू शहराचा बाजार नव्हे, इथे एप्रिलवर भरवसा ठेवू नये; पण झाडांना कोण सांगणार!

सो-रानला निरोप धाडला, परवापासून फुलं खुडायला ये. एका गुच्छात पाच-सहा फुलं येतात. मधलं ठेवायचं, बाजूची खुडून टाकायची, म्हणजे झाडाची ताकद एका फळात उतरते आणि आमचं होंगरो जातीचं सफरचंद कसं मुठीत मावत नाही असं होतं. मी म्हणते, मधलं फूल थोरलं, बाजूची धाकटी. "म्हणजे धाकट्यांना खुडायचं," असं आज हे म्हणाले. ह्यांचा विनोद कुठे संपतो आणि टोचणी कुठे सुरू होते, ते लग्न होऊन आल्यापासून शोधते आहे.

सो-रान माझी धाकटी जाऊ. मामंजींनी जाण्यापूर्वी बागेच्या मधून दगडांची रांग घातली. ओढ्याकडून पाहिलं तर डावीकडची झाडं आमची, उजवीकडची भाऊजींची. भाऊजी ट्रक घेऊन अर्धा महिना बुसानकडे असतात, तेव्हा उजवीकडची झाडं म्हणजे सो-रानचीच. झाडं वाटली तरी रीत वाटली नाही. फवारणी असो, खुडणी असो, आधी थोरल्या घरची झाडं, मग धाकट्या घरची.

८ एप्रिल

आली. सकाळी उजाडल्यावर आली आणि गाणी म्हणत शिडीवर चढली. गळा बरा आहे, नाही असं नाही. पलीकडच्या मळ्यातला मिरचीवाला नाम कुंपणाशी येऊन उभा राहिला. माझ्या अर्ध्या आयुष्यात मी शिडीवर असताना तो कधी उभा राहिलेला नाही.

"तुझ्या बागेचं काय गं? सगळा रानवट फुलोरा झालाय," मी विचारलं.

"तुमची झाली की करीन ना, जाऊबाई."

आळशी माणसाकडे उत्तर तयारच असतं.

जेवायला हे दोन वाट्या सूप प्यायले. तिने घरून आणलं होतं. "हिच्या हाताला चव आहे," म्हणाले. मी म्हटलं, माझ्या हाताला काम आहे, म्हणून चवीला जागा उरत नाही. सो-रान इतकं हसली की तिला ठसका लागला. माझ्या टोमण्यांना हसणारी ही एकच बाई आहे, त्यामुळे टोमणा वाया जातो.

१४ एप्रिल

आमची बाग संपली. घासलेल्या भांड्यासारखी स्वच्छ. प्रत्येक गुच्छात एकच फूल, बाकी फांदी मोकळी. ह्यांचे काका (आमच्या क्वॉन घराण्यात आता तेवढेच वडीलधारे उरलेत) काठी टेकत आले, म्हणाले, "थोरली सून म्हणजे थोरली सून. शरदात छुसोकच्या सणाला पूर्वजांपुढे फळ मांडायचं तर असल्याच बागेतलं."

हे ऐकायला सो-रान जवळ असावी अशी माझी फार इच्छा होती. ती होतीही, पण शिडी उचलून घरी चालली होती, हात काळे झालेले, आणि काकांनी कौतुक केलं तेव्हा माझ्यापेक्षा जास्त खूश तीच दिसली. हिला मत्सर करायला कोणी शिकवलं नाही वाटतं. श्रीमंत माहेरच्या बायकांचं असं असतं. तिचं माहेर श्रीमंत नाही, पण असं असतं.

उद्यापासून ती तिची झाडं करणार. म्हणजे झाली तर झाली.

१८ एप्रिल

हिमदव पडलं.

पहाटे हे उठून बाहेर गेले आणि काड्यापेटी घ्यायला परत आले, तेव्हाच कळलं. गवत पांढरं. पाण्याच्या नळीत बर्फ. शेकोट्या पेटवल्या, पण वाराच नव्हता. धूर वर सरळ जात होता आणि थंडी खाली बसून होती, सावकारासारखी.

ऊन आल्यावर फुलं जशीच्या तशी दिसली. पांढरी, टवटवीत. हेच वाईट. मेलेलं फूल मेल्यासारखं दिसत नाही. मी एक तोडलं, नखाने फोडलं. आतला गाभा काळा. दुसरं फोडलं, काळं. मग फोडतच गेले. ह्यांनी शेवटी हात धरला. म्हणाले, "पुरे. तीसुद्धा आपलीच आहेत."

बहुतेक सगळी गेली. वरच्या बांधाच्या कडेला काही झाडांवर थोडी जीव धरून आहेत, असं वाटतं. देव जाणे.

या बागेतली फळं छुसोकच्या ताटात मांडायला लागले तेव्हापासून एक वर्ष चुकलेलं नाही. पुराच्या साली नाही, बाळंतपणात नाही. थोरल्या घराचं थोरलेपण दुसऱ्या कशात आहे? घर आमचं लहान आहे, ट्रक भाऊजींकडे आहे, मुलगा शिकायला सोल शहरात गेला तो फोनवरच भेटतो. ते एक ताट आहे फक्त.

१९ एप्रिल

आता लिहिते ते कोणी वाचू नये.

दगडांची रांग ओलांडून धाकट्यांच्या बागेत गेले. तिचीही मधली फुलं काळी. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

मग खाली वाकून पाहिलं. बाजूच्या फुलांना अजून तोंडही फुटलेलं नव्हतं. मिटलेल्या गुलाबी कळ्या. एक फोडली. आत हिरवी. दुसरी फोडली, हिरवी. हिने तीनच दिवस काम केलं होतं, तेही कडेच्या रांगेत. बाकी सगळी बाग तशीच, न खुडलेली, गबाळी, जिवंत.

माझ्या बाजूच्या कळ्या कुठायत? शिडीखाली. मातीत. सुकल्यात.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "आळशाच्या घरी देव पाणी भरतो म्हणतात ते खोटं नाही."

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "ती आळशी? आठवडाभर कोणाच्या झाडांवर होती ती?"

नवऱ्यांना असल्या वेळी हिशेब करायची हौस येते. मी भांडी आपटली.

२१ एप्रिल

सो-रान आली. डोळे सुजलेले. मला वाटलं स्वतःसाठी रडली असेल, म्हणाली, "तुमची बाग पाहिली नि मला जेवणच गेलं नाही, जाऊबाई." असलं बोलणं फार सोपं असतं, ज्याच्या कळ्या हिरव्या आहेत त्याला.

मग कामाचं बोलली. बाजूची फुलं आता उमलतायत, पण गारठ्याने मधमाशा बाहेर पडत नाहीत. फुलं तीन-चार दिवस टिकतील, पराग हाताने लावला तरच फळ धरेल. आणि पराग अख्ख्या आळीत फक्त माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी मी गोळा करून, चाळून, बर्फाच्या कप्प्यात ठेवलेला. किमचीच्या लोणच्याशेजारी. मला सवय आहे, उद्याची सोय आज करायची. ती सवय बघा आता कोणाच्या कामाला आली.

"बघते," म्हटलं. "जुना आहे. लागू पडेल की नाही, तपासते."

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणाली, दोन्ही हातांनी मुळ्याच्या किमचीची बरणी पुढे केली आणि गेली.

पराग उत्तम आहे. मला माहीत आहे. तपासायचं काही नाही. पराग माझ्याकडे आहे आणि फुलं तिच्याकडे. यात कोणाचं नशीब मोठं, ते ठरवत बसले दिवसभर.

२२ एप्रिल

दिला.

पराग नुसता लावत नाहीत, लाल भुकटीत कालवतात, म्हणजे कुठलं फूल झालं आणि कुठलं राहिलं ते रंगावरून कळतं. तर भुकटी जरा जास्त पडली, म्हणजे पराग तेवढा विरळ. माझ्या हातून. दोनदा. डबा छान लालबुंद दिसत होता.

सो-रानने तो देव्हाऱ्यातला प्रसाद घ्यावा तसा घेतला.

२३ एप्रिल

स्वस्थ बसवत नव्हतं म्हणून दगडांच्या रांगेशी जाऊन उभी राहिले. तिच्या हातात पिसाचा कुंचला. आणि ती लावत होती कशी, तर पावडर-लाली करायला बसल्यासारखी! एकेका फुलावर चार-चार थोपटण्या. अर्धा पराग वाऱ्यावर. खालच्या फांदीवरचं एक फूल तीनदा रंगवलं, शेजारचं कोरडंच.

मी सहन केलं. थोडा वेळ. मग नाही झालं.

"अगं, लग्नाला निघालीत का ती फुलं? टेकव आणि पुढे हो. टेकव, पुढे हो. मनगट हलव, खांदा कशाला हलवतेस?"

"अशी, जाऊबाई?"

"तशी नाही. दे इकडे."

घरी गेले, राहिलेला सगळा पराग आणला. या खेपेला भुकटी बेताची घातली. संध्याकाळपर्यंत वरच्या रांगा मी केल्या, खालच्या तिने. हे तिसऱ्या शिडीवर होते, तोंड फिरवून, हसत असणार. नामही आला होता कुंपणाशी. मी शिडीवर होते, पण तो बहुधा गाणं ऐकायला आला असावा.

हे स्पष्ट लिहून ठेवते: तिच्यासाठी नाही गेले. चांगला पराग गचाळ हाताने वाया जाताना मला बघवत नाही, इतकंच.

१६ मे

तिची बाग धरली. फांदी-फांदीला बोराएवढी फळं. माझ्या झाडांना पानं मात्र अशी आलीत की बस! हिरवीगार, रुंद. ज्या बाईला मूल नाही तिने दागिने घालावेत तशी उभी आहेत. हे वाक्य कडू आहे, पण खोडत नाही. मला आलं तसं लिहिलं.

वरच्या बांधाला थोडी फळं टिकली. जवळ जाऊन पाहिलं, तर प्रत्येकाच्या कमरेला एका बाजूने खरखरीत तांबूस पट्टा. गारठा लागलेल्या फळाला असाच चट्टा पडतो आणि फळाबरोबर वाढतो. मी टोपली घेऊन निघाले, तोडून टाकते म्हटलं, लोकांनी पाहायला नको.

ह्यांनी टोपली काढून घेतली. "राहू देत. झाडावर थोडं तरी ओझं हवं. नाहीतर सगळा जोर फांद्यांत जातो आणि नुसतं माजतं. पुढच्या वर्षी फूलसुद्धा धरणार नाही."

"माणसांचंही तसंच असतं," मी म्हटलं आणि दगडांच्या पलीकडे पाहिलं.

हे मात्र तेव्हा माझ्याकडे पाहत होते.

११ जून

सो-रानची फळं विरळायला मदतीला गेले. या खेपेला आधी धाकट्या घरची झाडं, कारण थोरल्या घराकडे विरळायला आहे काय!

ती बोलता बोलता म्हणाली, "गंमत बघा जाऊबाई. पहिल्या डब्याने ज्या फांद्या केल्या ना, तिथे फळ पातळच धरलं. दुसऱ्या डब्याच्या फांद्यांना बघा, कसे घोस. पहिला डबा फार लाल होता, नाही?"

मी कात्री पुढच्या घोसाकडे नेली.

"हवा," मी म्हणाले. "त्या दिवशी हवा बरोबर नव्हती."

"हो, हवाच असणार," ती म्हणाली. आणि फळं खुडत राहिली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकं न पाहणं कोणाला जमत नाही. किंवा ती खरंच भोळी आहे. यातलं कुठलं मला जास्त सोसेल, ते ठरत नाहीये.

२९ जुलै

झाडं माजली. खोडापासून सरळसोट फुटवे आकाशात. दिवसभर ते वाकवून दोऱ्यांनी बांधतो आहोत. उभी फांदी नुसती वाढते, आडवी केली की फुलाचा विचार करते. सो-रान रोज येते. मी बोलावत नाही. तिची फळं रंगायला लागलीत, फळांना ऊन लागावं म्हणून तिला पानं काढायची असतील, खाली चकचकीत कागद अंथरायचा असेल, पण येते.

"तुला घरी काम नाही का गं?"

"तुमच्याकडे टोमणे ऐकायला मिळतात. घरी कोण आहे बोलायला?"

भाऊजी या महिन्यात एकदाच आले होते. मी दोरी आवळली. "घट्ट धर," म्हटलं. "वाकड्या गाठी मारतेस."

२० ऑगस्ट

बाजारात काकांनी गाठलं. सगळ्यांदेखत म्हणाले, "यंदा छुसोकला फळ धाकट्या घरून आणावं लागणार म्हणे."

'म्हणे'! हे कोण म्हणे? मी गोड हसून म्हणाले, "काका, अजून थोरली सून जिवंत आहे." काकांनी लगेच कोबीचा भाव विचारला.

घरी येऊन वरच्या बांधावर गेले. पट्टेवाली फळं मोजण्याइतकीच आहेत, पण मोठी झालीत. आणि फांदीच्या टोकाशी, पानाच्या काखेत, पुढच्या वर्षीचे कळे बसलेत. जाडजूड, गोल. फळाचे कळे टोकदार नसतात, बोटाला कळतं. सगळ्या झाडांवरून हात फिरवला. आहेत. बाग गेलेली नाही. यंदा रुसली फक्त.

रडले थोडी. घामच असेल, ऊन फार होतं.

छुसोकच्या आदल्या दिवशी

सो-रान फळं घेऊन आली. दोन्ही हातांनी पुढे केली. काय फळं! लाल, जड, डागरहित. त्यातल्या अर्ध्याअधिक फुलांना मी स्वतः कुंचला टेकवलाय, आणि तरी ती माझी नाहीत. जन्म दिला मी, बारसं तिच्या घरी.

"तुम्ही मांडाल त्यातली मांडा," म्हणाली. "तुमचीच आहेत."

ही असं का बोलते! एकदा तरी तोरा दाखवावा, म्हणजे मला निवांत रागावता येईल.

ताटात सफरचंदं पाच. जोडीने मांडत नाहीत, विषमच हवीत. खाली चार, वर एक. म्हणजे दोन घरांत सारखी वाटणी व्हायची सोयच नाही; पूर्वजांना जावांची भांडणं आवडत असली पाहिजेत. खूप वेळ ताटापुढे बसले. शेवटी ठरवलं. खालची चार माझी, पट्टा आतल्या बाजूला वळवून, एकमेकांना चिकटवून, कोणाला दिसणार नाही असा. वरचं एक तिचं. संख्येत थोरलं घर जिंकलं आणि दिसायला ताट सुंदर. कोणाला काही बोलायला जागा नाही. असं दोन्हीकडून शहाणं मला अजूनही होता येतं.

रीतीप्रमाणे वरच्या फळाचा माथा चकतीसारखा कापला, फडक्याखाली ताट झाकलं, तांदळाच्या करंज्या वळायला घेतल्या.

छुसोक

सकाळी स्वयंपाकघरात इतकी घाई की मान वर करायला फुरसत नाही. ताटं सो-रानने उंबऱ्यापर्यंत नेली, भाऊजींनी आत मांडली. मी हात पुसत दाराशी आले तेव्हा मामंजींच्या नावाची पाटी मांडून झाली होती, मद्य ओतून झालं होतं, आणि काका, हे, भाऊजी, सगळे पुरुष कपाळ जमिनीला लावून वाकले होते.

आणि ताटाच्या वर, चार लालबुंद फळांच्या डोक्यावर, माझं फळ होतं. माथा कापलेलं. कमरेचा पट्टा आमच्या सगळ्यांकडे तोंड करून, उघडा.

क्वॉन घराणं माझ्या चट्ट्यापुढे वाकलं होतं. उठून काकांनी ते नीट पाहिलं. म्हणाले, "हे वरचं वरच्या बांधाचं ना? माझ्या दादाने स्वतः लावलेली झाडं ती." आणि करंज्यांकडे वळले. नंतर प्रसादाचं फळ कापताना ह्यांनी तेच उचललं, आणि पट्ट्यासकट खाल्लं.

भांडी घासताना मी तिला धरलं. "ताट तू बदललंस?"

"हो."

"का?"

सो-रानने वाटी पाण्याखाली धरली, उलटी करून ठेवली, दुसरी घेतली. चेहरा अगदी सरळ.

"थोरल्या घरचं खाली कसं चालेल, जाऊबाई? आधी थोरल्या घरचं. तुम्हीच शिकवलंय."

दिवसभर तेच डोक्यात आहे. पाहुणे गेले, हे घोरताहेत, आणि मी अजून ठरवते आहे, ती माया होती की टोमणा. माया असेल तर मला तिच्याशी कसं वागावं ते कळत नाही. आणि टोमणा असेल तर इतका नेमका टोमणा या खोऱ्यात दुसऱ्या कोणाला जमला नसता, माझ्याशिवाय.

उद्या जाऊन विचारावं म्हणते. नको. उद्या जाईन, पण विचारणार नाही.